जोड काही लागेना

पुतण्या नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा गेमचा कन्सोल मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी राहिला. "काका, धूळ खात पडण्यापरीस तुमीच खेळत जावा की," म्हणाला. मी ५२ वर्षांचा, पतसंस्थेत कर्जखात्याला. बंदूक कधी जत्रेतल्या फुग्यांवरच चालवलेली. तरी इंटरनेटवरून खेळायच्या बंदुकीच्या गेममध्ये पहिल्याच रात्री नऊ जण आडवे केले. बायकोला उठवून सांगितलं. ती कूस बदलून म्हणाली, "दिवा घालवा."

दुसऱ्या रात्री दारातून पाय बाहेर टाकला की मी आडवा. उठलो की पुन्हा आडवा. पुतण्याला फोन लावला. "काल तुमास्नी नवख्यांत टाकलं असणार. आता मशिनीनं तुमचं वजन केलंया."

वजन म्हटल्यावर मला कळलं. गावच्या मैदानात पैलवान हात वर करून फिरतो, वस्ताद त्याची मान बघतो, मोडलेले कान बघतो आणि जोड लावतो. यंत्राला कान दिसत नाहीत, म्हणून ते आकडे ठेवतं. बुद्धिबळपटूंच्या ताकदीला आकडा देण्याची आर्पाड एलोंची पद्धत जागतिक संघटनेने १९७० मध्ये घेतली, तिचीच ही पुढची पिढी. एक्सबॉक्स या कन्सोलसाठी केलेल्या ट्रूस्किल पद्धतीत तर प्रत्येकाचे दोन आकडे: कसबाचा अंदाज आणि त्या अंदाजाबद्दलची शंका. नव्या माणसाचा अंदाज २५, शंका ८.३३. अंदाजातून तिप्पट शंका वजा करायची, की पत उरते शून्य. मला हे लगेच पटलं. पहिल्यांदा कर्ज मागायला आलेल्याकडे आम्हीही असंच बघतो.

शंका मोठी असते तोवर एकेका निकालाने आकडा लांब उडी मारतो. म्हणजे त्या नऊ जणांनीच मला वर फेकलं होतं. आणि यंत्राला आवडते ती कुस्ती कोणती? कोण मारेल ते सांगता येऊ नये, अशी. मी निम्म्या वेळा हरलो, तर त्याच्या हिशेबाने सगळं सुरळीत चाललंय! मला बरोबरीची जोड नकोच होती हो, मला जिंकायचं होतं. पण हे वस्तादाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

रात्री दीडला तर आणखी तऱ्हा. पडद्यावर 'खेळाडू शोधत आहे', चकती गरगरतेय. जवळचे, तोलामोलाचे सापडेनात की शोधाचा घेर वाढत जातो. मग कुठल्या मुलखातला गडी समोर येतो देव जाणे. पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, ४० वरून २१० मिलीसेकंदांवर. मी भिंतीआड गेलो, नीट बसलो, मग मेलो. कारण त्याच्या पडद्यावर मी अजून उघड्यावरच होतो, आणि बरेचसे गेम निकाल देतात ते गोळी मारणाऱ्याच्या पडद्यावरून. कुस्ती सुटली, मी फेटा बांधला, आणि मागून कोणी सांगितलं, तुम्ही मघाशीच चितपट झालात!

शेवटी नको ते केलं. बायकोच्या नावाने नवं खातं काढलं. नाव बदलून परगावच्या जत्रेत चिल्लर कुस्त्या मारणाऱ्या पैलवानाला गावकरी काय करतात ते मला ठाऊक आहे, पण इथे गावकरी कोण? पहिल्या रात्री बारा जण लोळवले. सकाळी चहाबरोबर तिला आकडा दाखवला, तर स्वारी खूश. शेजारच्या वहिनींनाही सांगून आली.

यंत्राने दोन रात्री वजन केलं. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून कन्सोल लावला, आपल्या नावापुढचे आकडे वाचले आणि माझ्याकडे वळली.

"अहो, मी एवढी वाईट खेळते?"