१९५०चा विश्वचषक बुटांपायी हुकला नाही

विश्वचषक जवळ आला की आमच्या यवतमाळकडच्या केळापूर तालुक्यातल्या ग्रुपांवर एक मजकूर दरवेळी वर येतो. सोबत अनवाणी खेळाडूंचा काळापांढरा फोटो असतो. मजकूर साधारण असा: "१९५० साली भारत फुटबॉलच्या विश्वचषकाला पात्र ठरला होता. पण खेळाडूंकडे बूट नव्हते म्हणून फिफाने हाकलून दिले. सरकारने बुटासाठी आणि तिकिटासाठी पैसे दिले नाहीत. तेव्हा भारत आशियात पहिला होता, गेला असता तर कप घेऊन आला असता. त्यानंतर क्रिकेटने फुटबॉल खाल्ला आणि भारताने आजवर काही केले नाही. हा खेळ आपल्या रक्तातच नाही. शेअर करा."

मी आश्रमशाळेत खेळ शिकवतो. माझ्या संघातल्या बऱ्याच पोरांकडे आजही बूट नाहीत. परवा एकाने सरावानंतर विचारलं, "सर, आपल्या पोरायले बुटापायी काढलं होतं ना? मग आपल्याले काहून खेळवता?" मजकूर पाठवणाऱ्यांच्या मनात देशाबद्दल कळवळा असेल, पण पोरं त्यातून जे घेतात ते हे. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

पात्र ठरला होता, हे खरं आहे; मात्र एकही सामना न खेळता. पात्रता फेरीतल्या आपल्या गटातून ब्रह्मदेश, फिलिपिन्स आणि इंडोनेशिया या तिघांनी माघार घेतली आणि जागा आपल्याकडे आली. ब्राझीलमध्ये गट पडले तेव्हा भारताचं नाव इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्यासोबत होतं.

आता बुटांचं. फिफाने भारताला काढलं नाही. माघार आपल्याच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने घेतली. महासंघाने दिलेली कारणं दोन होती: संघनिवडीवरून मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ. शैलेन मन्ना त्या काळातले आपले मोठे बचावपटू. पुढे १९५१ साली त्यांनीच भारताचं नेतृत्व केलं. त्यांनी नंतर मुलाखतीत स्पष्ट सांगितलं की बुटांची गोष्ट ही माघार झाकायला पुढे केलेली सबब होती. खेळाडूंना तर विश्वचषक म्हणजे नेमकं काय याची कल्पनाही नव्हती, त्यांच्यासाठी ऑलिम्पिक हेच सर्वस्व होतं.

मन्नांचा शब्द ज्याला पुरेसा वाटत नाही त्याने तारखा पाहाव्यात. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारत फ्रान्सशी खेळला. कर्णधार नागा हिल्सचे तालिमेरेन आओ, पुढे डॉक्टर झाले. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, काहींच्या पायाला नुसत्या पट्ट्या. फ्रान्सने पहिला गोल केला, उत्तरार्धात सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली आणि सामना संपायला मिनिट उरलं असताना फ्रान्सने दुसरा गोल केला. २-१. त्या सामन्यात भारताने दोन पेनल्टी वाया घालवल्या. त्या लागल्या असत्या तर बुटातल्या फ्रान्सला अनवाणी भारताने हरवलं असतं. त्यानंतर चार वर्षांनी, १९५२ला, हेलसिंकी ऑलिम्पिकमध्येही आपले कित्येक खेळाडू अनवाणीच उतरले. १९५०ला अनवाणी पायांपायी जगाने आपल्याला दार लावलं होतं, तर दोनच वर्षांनी ऑलिम्पिकच्या मैदानावर तेच पाय कसे चालले? हेलसिंकीत थंड हवामानात युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ने धुतलं. त्यानंतर आपल्याच महासंघाने बूट सक्तीचे केले. बुटांचा नियम आपल्याकडे आला तो असा, मैदानावर मार खाऊन, आणि १९५०च्या नंतर.

पैशाबद्दल. प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलायची तयारी ब्राझीलच्या आयोजकांनी दाखवली होती. बोटीचा लांबचा प्रवास, सराव, संघनिवड हे सगळे प्रश्न होते; पण बुटांच्या जोड्यांना पैसे नसल्याने देशाचा संघ घरी राहिला, हे मुळीच खरं नाही. लंडनला संघ गेला होताच. १९५१च्या मार्चमध्ये पहिले आशियाई खेळ आपण दिल्लीत भरवले. आणखी एक गोष्ट मजकुरात कधीच नसते: त्या वर्षी माघार घेणारे आपण एकटे नव्हतो. स्कॉटलंडने जागा मिळूनही ती नाकारली, तुर्कस्तानने नाकारली, फ्रान्स आधी हो म्हणून मागे फिरला. शेवटी तेराच संघ खेळले. तेव्हाचा विश्वचषक आजच्याइतका मोठा मानला जात नव्हता. हा महासंघाचा बचाव म्हणून सांगत नाही. जागा चालून आली असताना घरी बसणं ही घोडचूक होती, आणि तिची जबाबदारी निर्णय घेणाऱ्यांची होती. बुटांची गोष्ट सांगितली की ती जबाबदारी अलगद खेळाडूंच्या पायांवर येते. मला याचाच राग आहे.

"गेला असता तर कप आणला असता." नाही. आशियात पहिला हेसुद्धा १९५०ला कोणी ठरवलेलं नव्हतं. आशियाई फुटबॉल महासंघच १९५४ला स्थापन झाला. आपल्या गटात जो स्वीडन होता, तो १९४८चा ऑलिम्पिक विजेता. त्याच ऑलिम्पिकमध्ये त्याने दक्षिण कोरियावर बारा गोल चढवले होते आणि कोरियाला एकही करता आला नव्हता. १९५०च्या विश्वचषकात स्वीडन तिसरा आला. इटली तर आधीचा जगज्जेता. या दोघांसमोर आपण बहुधा दोन्ही सामने हरलो असतो, कदाचित मोठ्या फरकाने.

पण हरणं हा तोटा नव्हताच. तोच दक्षिण कोरिया १९५४ला स्वित्झर्लंडच्या विश्वचषकाला गेला. हंगेरीने नऊ गोल मारले, तुर्कस्तानने सात, कोरियाला एकही जमला नाही. परतल्यावर त्यांच्या हातात एक माप होतं: जग कुठे आहे आणि आपण कुठे. २००२ला तो उपांत्य फेरीत पोचला. आपण विश्वचषकाच्या पात्रता फेरीत पहिल्यांदा प्रत्यक्ष मैदानावर उतरलो ते १९८५ साली. १९५०चं खरं नुकसान मोजायचं तर ही पस्तीस वर्षं मोजा.

आणि "त्यानंतर काहीच केलं नाही" हे वाक्य लिहिणाऱ्याने आपल्याच माणसांचा सगळ्यात मोठा अपमान केला आहे. ब्राझीलला न गेल्यावर वर्षाच्या आत, दिल्लीच्या आशियाई खेळांत भारताने सुवर्ण जिंकलं. अंतिम सामन्यात इराणवर १-०, गोल साहू मेवालाल यांचा.

त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण ते आमच्या बाजूचे म्हणावेत असे. आमच्या पांढरकवड्याहून निघालं की मुंबईच्या निम्म्या अंतरावर हैदराबाद येतं. रहीम तिथले शाळामास्तर. हैदराबादच्या शाळांमध्ये शिकवता शिकवता ते फुटबॉलचे शिक्षक झाले, हैदराबाद सिटी पोलीसचा संघ त्यांनी घडवला आणि १९५० ते १९६३ भारताचा संघ सांभाळला. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्याने आपल्याला पुढे चाल मिळाली, हे लपवायचं कारण नाही. पण पुढच्या फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ने हरवलं ते खेळून. मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल त्याचाच होता. तोच युगोस्लाव्हिया, ज्याने चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवले होते. तो सामना ४-१ने आणि कांस्यपदकाचा बल्गेरियाविरुद्धचा ३-०ने गेला. भारत चौथा. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत त्याआधी आशियातला कोणताही देश पोचला नव्हता.

१९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली, गोल कर्णधार पी. के. बॅनर्जी यांचा, हंगेरीशी आपण फक्त २-१ने हरलो, गोल सिकंदराबादजवळच्या गरीब घरातून आलेल्या तुलसीदास बलराम यांचा.

मग १९६२, जकार्ता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून २-० हार. पुढे थायलंडवर ४-१, पण त्या सामन्यात बचावफळीचा कणा असलेला जर्नेल सिंग डोक्याला जखम होऊन बाहेर गेला, टाके पडले. जपानवर २-०. उपांत्य सामन्यात रहीम यांनी डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलला बचावात न ठेवता पुढे, सेंटर फॉरवर्डला खेळवलं, आणि दक्षिण व्हिएतनामवरच्या ३-२ विजयात त्याने गोल केला. अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशी. इस्राएल आणि तैवानला खेळांतून वगळल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने जाहीर आक्षेप घेतल्यामुळे जकार्तातलं लोकमत भारताविरुद्ध पेटलेलं, भरलेलं स्टेडियम आपल्याविरुद्ध ओरडत होतं. पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला, काही मिनिटांत जर्नेलने दुसरा. कोरियाचा एक गोल अगदी शेवटाकडे. २-१. कर्णधार चुनी गोस्वामी. रहीम तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाने आजारी होते; १९६३च्या जूनमध्ये ते गेले. पोरांनो, एका मास्तराने हा संघ घडवला होता. ज्या मजकुरात त्याचं नाव नाही, तो भारतीय फुटबॉलचा इतिहास सांगतो असं मी मानत नाही.

१९६४ला आशियाई करंडकात उपविजेतेपद मिळालं. स्पर्धेत चारच संघ होते, हेही सांगतो. १९७०ला बँकॉकमध्ये सय्यद नईमुद्दीन यांच्या संघाने जपानला १-० हरवून कांस्य मिळवलं. आशियाई खेळांतलं पुरुष फुटबॉलचं आपलं ते शेवटचं पदक.

यातच क्रिकेटच्या आरोपाचं उत्तर आहे. क्रिकेटचा विश्वचषक आपण १९८३ला जिंकला. फुटबॉलची घसरण त्याआधीच सुरू झालेली होती: १९६०नंतर आपला संघ ऑलिम्पिकला गेला नाही, १९७०नंतर आशियाई पदक नाही. जग ९० मिनिटं खेळत असताना आपल्याकडचे सामने कित्येक वर्षं ७० मिनिटांचे होते. देशपातळीवरची लीग १९९६ला सुरू झाली. ज्या जपानला आपण १९६२ आणि १९७०ला हरवलं, त्याने १९९३ला व्यावसायिक लीग उभी केली आणि १९९८ला विश्वचषक गाठला. क्रिकेटने पैसा आणि प्रेक्षक ओढले हे मान्य, आमच्या गावात उन्हाळाभर टेनिस बॉलचेच सामने असतात. पण महासंघाचं काम क्रिकेटवाल्यांनी अडवलं नव्हतं.

राहिलं रक्त. आजचा संघ चांगला खेळतो असं मी म्हणणार नाही. २०२४च्या जानेवारीत कतारमधल्या आशियाई करंडकात तीन सामने हरलो, एकही गोल नाही. २०२७च्या आशियाई करंडकाची पात्रताही हुकली. हाँगकाँगकडून हार, सिंगापूरकडून घरच्या मैदानावर हार. हे बोचतं आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण याच देशाच्या सुनील छेत्रीच्या नावावर ९५ आंतरराष्ट्रीय गोल आहेत. याच संघाने २०१९च्या सप्टेंबरमध्ये आशियाई विजेत्या कतारला त्यांच्याच दोह्यात ०-०वर रोखलं, आणि गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू त्या रात्री भिंतीसारखा उभा होता. दक्षिण आशियाचं अजिंक्यपद नऊ वेळा आपल्याकडे आलं. आणि विदर्भात फुटबॉल नाही म्हणणाऱ्याने एकदा नागपूरजवळच्या फुटबॉलवेड्या कामठीला जाऊन यावं.

मुलींचा तर त्या मजकुरात एक शब्द नाही. १९८० आणि १९८३ला महिलांच्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता होता. ५ जुलै २०२५ला चियांग माईमध्ये भारताच्या मुलींनी यजमान थायलंडला २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशियाई करंडकात जागा मिळवली. माझ्या संघातल्या मुलींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "सर, ते कोणत्या पोझिशनले खेळते?" मिडफिल्डला, मी म्हटलं.

शाळेच्या पालक ग्रुपवर ज्यांनी तो मजकूर टाकला आहे त्यांना हात जोडून विनंती: तो काढून टाका. घरात फोन एकच असतो, आणि संध्याकाळी तो पोरांच्याच हातात असतो.