शाल-श्रीफळ झालं, आता ठाणं कोण शिकवणार?

सोलापूरच्या आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात परवा नवीन साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रभारी निरीक्षक, हजर झाले. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर एकच फोटो आठ ग्रुपवर फिरतोय. हार, शाल, बुके, आणि मधे अवघडून उभे साहेब. त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही, अजून तोंडओळखही नाही. पण 14 महिन्यांतले हे तिसरे साहेब, आणि माझी स्कूटी अजून ठाण्याच्या आवारात चिंचेखाली उभी आहे, म्हणून लिहितेय.

स्कूटी चोरीला गेली, डीबी पथकाच्या (ठाण्याचं गुन्हे शोध पथक) पोरांनी दोन महिन्यांत शोधूनही काढली. (त्यांना खरंच सलाम.) सुपूर्तनाम्यावर, म्हणजे सांभाळायची लेखी हमी घेऊन, परत द्यायचा कोर्टाचा हुकूम आणला, तोवर साहेब बदलले. दुसरे साहेब म्हणाले, "ठेवून जा, मला आधी बघू द्या." त्यांचं बघून व्हायच्या आत त्यांचीही बदली झाली. निरीक्षकाला एका ठाण्यात 2 वर्षं, हे आपल्या महाराष्ट्र पोलीस कायद्यातच लिहिलेलं आहे. सुप्रीम कोर्टानं 2006 साली पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह निकालात तेच बजावलं होतं. पण 'प्रशासकीय कारण' हे दोन शब्द पडले की दोन वर्षं कुठल्या कुठे जातात.

आमचे आप्पा, माझे वडील, हवालदार म्हणून रिटायर झाले. नोकरीतली सहा वर्षं मुद्देमाल कारकून, म्हणजे जप्त केलेल्या वस्तू सांभाळणारे. त्यांना विचारलं, नवीन साहेब चार्ज घेतात म्हणजे नेमकं करतात काय? आप्पा हसले. "सही करत्यात. पाच मिनिटं." मुद्देमालाच्या खोलीची किल्ली आल्या आल्या मागणारा साहेब त्यांना उभ्या नोकरीत एकच भेटला. आत पोत्यात गुंडाळलेल्या तलवारी, हातभट्टीचे कॅन, लाखेचं सील मारलेली पाकिटं, आणि गुन्हा नंबरच्या चिठ्ठ्या झुरळांनी खाल्लेल्या. साहेब तीन दिवस स्टूल टाकून बसले, रजिस्टरवर एकेक टिक करत. "त्या साहेबाला ठाणं कळलं," आप्पा म्हणाले. "बाकीच्यांना केबिन."

माझं म्हणणं एवढंच. फौजदार (उपनिरीक्षक) नाशिकच्या पोलीस अकादमीतून तयार होऊन येतो. कायदा, तपास, परेड, गोळीबार, सगळं शिकतो. शिपाई तर आपल्या केगावच्या प्रशिक्षण केंद्रातही घडतात. आयपीएस मंडळींना मधेमधे हैदराबादला वर्गात बसवतात. पण पहिल्यांदाच अख्ख्या ठाण्याचा प्रभारी होणाऱ्या माणसाला माणसं कशी सांभाळायची, हजेरी कशी लावायची, साप्ताहिक सुट्टी मारली गेलेल्या शिपायाशी कसं बोलायचं, हे खुर्चीत बसायच्या आधी कोण शिकवतं? तो आधीच्या साहेबाचं बघून शिकतो. आधीचा शिवराळ असला तर हाही तसाच.

त्यात 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले. झडतीचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं, 7 वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथक जागेवर बोलवायचं. हे करून घेणार कोण? प्रभारीच ना?

आणि आपलं सोलापूर. पूर्व भागातली विडी कामगार बाई घाबरली की तेलुगूतच बोलते. अक्कलकोटकडून आलेला म्हातारा कन्नडमध्ये. ठाणे अंमलदार, म्हणजे तक्रार लिहून घेणारा, सोलापूरचा असला तर निभावतं. मी स्वतः पाहिलंय, एका बाईचं दहा मिनिटांचं रडगाणं स्टेशन डायरीत दीड ओळीत उतरलं: 'किरकोळ भांडण, समज दिली.' साहेब आत, काचेपलीकडे.

अमेरिकेत टेक्सासमध्ये नव्या पोलीस प्रमुखाला किमान 80 तासांचं प्रशिक्षण कायद्यानं सक्तीचं आहे. रोजचे आठ तास धरले तर दहा दिवस. आपल्याकडे दहा दिवस काढता येत नाहीत? निम्मे वर्गात घ्या. उरलेल्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलाशेजारी तीन रात्रपाळ्या, साध्या कपड्यात. मग मुद्देमाल मोजायचा, आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या बंदोबस्ताची जुनी फाईल जुन्या माणसाकडून समजून घ्यायची. मगच चार्ज, मगच हार.

स्टाफ कमी आहे, कामाचा ताण आहे, हे हवालदाराच्या लेकीला सांगू नका. आप्पांची दिवाळी आम्ही ठाण्यात डबा नेऊन साजरी केलीय. पण ताण आहे म्हणूनच ना वर बसलेला माणूस तयारीचा पाहिजे?

उद्या सकाळी परत जाणार आहे. कोर्टाच्या हुकमाची झेरॉक्स काढून ठेवलीय, चौथी.