वहिनींना आलेल्या ‘घरबसल्या पन्नास हजार’ मेसेजला माझं उत्तर

रविवारी सकाळी वहिनींनी एक मेसेज पुढे पाठवला. खाली विचारलं होतं, “भाऊजी, हे खरं आहे का? १,९९९ भरायला आज शेवटचा दिवस आहे म्हणतात.”

वहिनी इचलकरंजीत चौदा वर्षं शिवणक्लास घेतात. कटोरी आणि प्रिन्सेस कट ब्लाऊजचं त्यांचं पेपर कटिंग, म्हणजे कापड कापायचा कागदी नमुना, इतर टेलर बायका मागून नेतात. ते पीडीएफ करून विकावं, असं माझ्या भाचीनं सुचवलं आणि ते बरोबरच आहे. तेवढ्यात बचत गटाच्या ग्रुपवर हा मेसेज येऊन पडला. त्यात म्हटलं होतं की परदेशी प्लॅटफॉर्म पूर्ण फुकट असतो, गिऱ्हाईक तोच आणतो, टॅक्स-जीएसटी काही नसतं, एकदा फाइल चढवली की आयुष्यभर पैसे येतात. आणि स्वतःचं काही बनवायचीही गरज नाही, कारण १,९९९ मध्ये ५,००० मराठी ईबुक आणि डिझाइनचं बंडल ‘रीसेल राइट्ससह’, म्हणजे पुन्हा विकायच्या हक्कांसह मिळतं.

बंडलचंच आधी सांगतो, कारण बाकीच्या दाव्यांनी पैसे बुडतील, याने पोलीस घरी येतील.

मेसेजबरोबर नमुन्याची यादी होती, ती मी पूर्ण पाहिली. हयात लेखकांची पुस्तकं, अलीकडचे दिवाळी अंक, स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या नोट्स, सगळं स्कॅन करून भरलेलं. ‘रीसेल राइट्स’ दिले म्हणतात, पण ते दिले कोणी? कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि मूळ मालकाच्या सहीनं व्हावे लागतात. बंडल विकणाऱ्याकडे असा एक तरी कागद मागून बघा. आणि कलम २२ प्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं पुस्तकाचे हक्क त्याचे किंवा वारसांचे राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यांच्या पुस्तकांची मुदत २०६० अखेर संपेल. ‘जुनं आहे, नेटवर आहे, म्हणजे फुकट आहे’ असा नियम कुठेच नाही.

जाणूनबुजून हक्कभंग केला तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. हे नुसतं कागदावरचं आहे असं कोणी म्हणेल, तर सर्वोच्च न्यायालयानं २० मे २०२२ रोजी निट प्रो इंटरनॅशनलच्या खटल्यात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं आहे. म्हणजे तक्रार आली की पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात आणि जामीन हक्कानं मागता येत नाही. हे बंडल वहिनींच्या नावानं, त्यांच्या पॅनवर, त्यांच्या बँक खात्यात पैसे घेऊन विकलं जाणार होतं. बनवणारा नामानिराळाच राहिला असता.

वहिनींना मात्र कलमांनी पटलं नाही. यादीत पुढे ब्लाऊजचे पॅटर्न होते. एका शिकवणाऱ्या बाईंनी हातानं काढलेले, मुंढ्याचं माप त्यांच्याच अक्षरात, कोपऱ्यातलं नाव तेवढं पांढऱ्या शाईनं पुसलेलं. ते पाहून वहिनी म्हणाल्या, “उद्या माझंही असंच पुसतील की.”

आता ‘पूर्ण फुकट’. मेसेजमध्ये गमरोड या फाइली विकायच्या परदेशी साइटचं नाव आहे. खातं उघडायला काही लागत नाही, हे खरं. पण विक्री झाली की आपल्या लिंकवरून आलेल्या गिऱ्हाइकामागे ते १० टक्के आणि वर ५० सेंट कापतात. डॉलर ८५ रुपये धरला तरी ते ५० सेंट म्हणजे साडेबेचाळीस रुपये. वहिनींची फाइल ९९ रुपयांची. दहा टक्क्यांचे जवळपास दहा रुपये धरून बावन्न रुपये गेले, हातात उरले फार तर सत्तेचाळीस. शंभराच्या आतल्या किमतीला हा प्लॅटफॉर्म मराठी माणसाच्या कामाचाच नाही. एट्सी या दुसऱ्या परदेशी ऑनलाइन बाजारात तर वस्तू मांडायलाच २० सेंट, तेही चार महिन्यांपुरते, आणि विक्रीवर ६.५ टक्के वेगळे. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तक चढवता येतं आणि ७० टक्के रॉयल्टीची जाहिरात सगळे करतात. पण भारतातल्या विक्रीवर तो दर हवा असेल तर ते ईबुक दुसरीकडे कुठेही विकणार नाही, असं ९० दिवसांसाठी बांधून घ्यावं लागतं. हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नाही, किंवा माहीत असून त्यानं लपवलं.

त्याहून मोठी अडचण गिऱ्हाइकाची आहे, आणि ‘प्लॅटफॉर्मच गिऱ्हाईक आणतो’ या दाव्याचं उत्तरही तिथेच आहे. वहिनींचं पेपर कटिंग कोण घेणार? जयसिंगपूरची, कराडची, बार्शीची टेलर बाई. ती फोनवरून यूपीआय करते. तिच्याकडे क्रेडिट कार्ड बहुधा नसतंच. डेबिट कार्ड असलं तरी रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते आपण चालू करायचे. पेपल ही ऑनलाइन पैसे देण्याची परदेशी सेवा म्हणाल, तर त्यांनी भारतातल्या भारतात पैसे देण्याची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद केली. नव्याण्णव रुपयांच्या फाइलसाठी कोण बाई एवढ्या खटपटी करील? ती पान बंद करून निघून जाईल, आणि वहिनींना वाटेल की आपलं कामच कुणाला आवडलं नाही. याचाच मला सगळ्यात राग येतो.

अर्धं खरं आहे तेही मान्य करतो. गमरोडच्या स्वतःच्या बाजारातून किंवा एट्सीच्या शोधातून अनोळखी गिऱ्हाईक येतं. गमरोड त्याचे ३० टक्के घेतं, पण येतं. शिवलेल्या नऊवारीचा पॅटर्न न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी बाईला विकायचा असेल, तर मीही वहिनींना तिकडेच जायला सांगेन. तिथले विक्रीकराचे नियम आपल्याला झेपणारे नाहीत. युरोपात तर बाहेरच्या विक्रेत्यानं डिजिटल वस्तू थेट ग्राहकाला विकली की पहिल्या विक्रीपासून व्हॅट, म्हणजे तिथला विक्रीकर, लागतो. १ जानेवारी २०२५ पासून गमरोड स्वतः विक्रेता म्हणून उभं राहतं आणि तो कर गोळा करून भरतं. हे काम दहा टक्क्यांच्या लायकीचं आहे.

करांचं थोडक्यात. डाउनलोड करून द्यायच्या वस्तू जीएसटीत सेवा धरल्या जातात आणि महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या आत सेवा असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. तेवढ्यापुरतं मेसेजवाल्याचं बरोबर. पण आयकर वेगळा. ते पैसे उत्पन्नातच धरायचे, मग ते डॉलरमध्ये येवोत की रुपयांत.

‘एकदा चढवा, आयुष्यभर पैसे’ हे ज्यानं लिहिलं त्यानं एकही पॅटर्न विकलेला नाही. भाचीनं पहिली फाइल ओळखीच्या चौघींना दिली. दोघींचा ब्लाऊज छातीत घट्ट झाला. पीडीएफ बरोबर होती, पण झेरॉक्सवाल्यानं कागदात बसवायला छापताना ती लहान केली होती. आता पहिल्या पानावर एक इंचाचा चौकोन आहे: छापून आल्यावर टेपनं मोजा, इंच भरला तरच कापा. हे त्या बायकांनी फोन केला म्हणून कळलं.

म्हणूनच वहिनींना मी सध्या कुठलाच प्लॅटफॉर्म घेऊ दिलेला नाही. पहिल्या पन्नास गिऱ्हाइकांना यूपीआयचा क्यूआर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल, एवढं पुरतं. रोज दहा फाइली हातानं पाठवायची वेळ आली की भारतीय पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचं पान करू. तिथे साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी जातो. म्हणजे ९९ मधले अडीच रुपयांच्या आत.

१,९९९ भरले नाहीत. बचत गटाच्या ग्रुपवर वहिनींनी तो पुसलेल्या नावाचा पॅटर्न टाकला आणि खाली लिहिलं, “हे काम कुणाचं आहे ओळखत असाल तर त्या ताईंना कळवा.” संध्याकाळपर्यंत सांगलीहून एकीनं नाव कळवलं.