क्रँकची वॉरंटी बुडवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

नव्या सायकलीचा डावा क्रँक, म्हणजे पेडल जिच्या टोकाला बसते ती दांडी, टक्-टक् वाजायला लागला असेल, तर सर्वप्रथम अभिनंदन. वॉरंटी चालू असताना बिघाड व्हायला पत्रिकेतच योग असावा लागतो. एरवी सायकली वॉरंटी संपल्यावर पुढच्या आठवड्यात बिघडतात. हा योग वाया कसा घालवायचा, एवढेच आता शिकायचे आहे. बहुतेकांना ते उपजतच येते, इथे फक्त ओळीने मांडले आहे.

सुरुवात खरेदीपासूनच करावी. सायकल ऑनलाइन मागवा. ती खोक्यातून ‘८५ टक्के जोडलेली’ येते. उरलेले १५ टक्के म्हणजे हँडल, सीट, पुढचे चाक आणि पेडल. थोडक्यात, जे सैल राहिले तर माणूस तोंडावर पडतो, नेमके तेवढेच तुमच्यासाठी ठेवलेले असते. पेडलच्या दांड्यावर ‘एल’ आणि ‘आर’ कोरलेले असते, तिकडे पाहू नका. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हेही विसरा. (पाना उभा धरून पुढच्या चाकाकडे ओढला की दोन्ही बाजूंची पेडले आवळतात, ही माहिती शेजाऱ्याला द्या, स्वतः वापरू नका.) चुकीचे पेडल एक-दोन आट्यांनंतर अडेल. मग लांब दांडीचा पाना घ्या आणि त्यावर ओणवे व्हा. पेडलचा दांडा पोलादी, क्रँक ॲल्युमिनियमचा, त्यामुळे हार कोणाची होणार ते ठरलेलेच आहे. चंदेरी कीस बाहेर आला की काम फत्ते. कंपनी म्हणेल, जोडणीतली चूक वॉरंटीत बसत नाही. आणि या एका बाबतीत कंपनीचे बरोबर असेल.

दुकानातून घेतली असेल तरी निराश होऊ नका. चौकोनी एक्सलवर (दोन्ही क्रँकना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर) बसणाऱ्या साध्या क्रँकचा बोल्ट ३५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या, साधारण वीतभर पान्याच्या टोकाला वीसेक किलोंचा जोर. दुकानात शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाइकांची रांग असते आणि आवळणारा पोरगा सकाळपासून सातवी सायकल जोडत असतो. टॉर्क रेंच (नेमक्या ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आहे का, असे विचारून त्याचा अपमान करू नका. ‘साहेब, हाताला अंदाज आहे’ हे उत्तर मनोमन नमस्कार करून स्वीकारा. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर बोल्ट एकदा तपासायचा असतो, त्यासाठीच पहिली फुकट सर्व्हिस असते. तिचे कुपन फ्रीजवर चुंबकाखाली लावा आणि तारीख उलटू द्या.

मग आवाज येतो. डावा पाय खाली जाताना, दर फेऱ्याला एकदा. पहिले काही दिवस सीटला दोष द्या, मग चेनला तेल घाला, मग रस्त्याला आणि महापालिकेला शिव्या द्या. खात्री करायला अर्धे मिनिट लागते, म्हणूनच ती करायची नाही. सायकल भिंतीला टेकवून दोन्ही क्रँक दोन हातांनी धरायचे आणि आत-बाहेर हलवायचे. दोन्ही एकदम हलले तर ढिलाई बीबीत (एक्सल ज्या बेअरिंगांवर फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटमध्ये) आहे, एकटा डावा हलला तर तो एक्सलवर सैल झाला आहे. हे कळले की थांबावे लागते, आणि रविवारी तर ग्रुपबरोबर सिंहगड ठरलेला असतो.

थांबायचे का असते, हेही सांगून टाकतो, म्हणजे न थांबण्यातली मजा कळेल. क्रँकचे चौकोनी भोक एक्सलच्या निमुळत्या टोकावर पाचरीसारखे घट्ट चढलेले असते, बोल्ट फक्त त्याला वर दाबून ठेवतो. पाचर सैल झाली की दर पेडलला पोलादाचे चार कोपरे ॲल्युमिनियम कुरतडतात. असे पंधरा-वीस किलोमीटर गेलात की भोकाचे कोपरे गोलसर होतात. पुढे बोल्ट कितीही आवळा, संध्याकाळपर्यंत तो पुन्हा सैल. कारखान्यातला दोष होता की दुकानातली हयगय, याचा पुरावा त्याच भोकात होता आणि तो तुम्ही स्वतःच्या पायांनी पुसला. कंपनीच्या तपासनिसाला याहून मोठी मदत कोणी करू शकत नाही. ‘सैल अवस्थेत वापर’ असा शेरा तो एका ओळीत मारतो आणि चहाला जातो.

इतक्यावर समाधान नसेल तर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे जा. क्रँक ओढून काढायला खास हत्यार (पुलर) लागते, त्याचे आटे २२ मिलिमीटरचे. मिस्त्रीकडे ते असेलच तर बोल्टखालचा वॉशर आतच राहू द्या. मग हत्यार एक्सलला न रेटता वॉशरलाच रेटेल आणि क्रँकचे आतले आटे सोलून बाहेर येतील. हत्यार नसेल तर हातोडी आहेच. तिच्या ठोक्यांनी क्रँक निघतो आणि बीबीची बेअरिंगही जाते, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. परत बसवताना कोल्ड ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून मध्ये घाला. असा पत्रा भोकात सापडला की सर्व्हिस सेंटरमध्ये आनंदाची लाट उसळते, कारण ‘अनधिकृत दुरुस्ती’ हे कलम त्यांना तोंडपाठ असते. हा ‘जुगाड’ फक्त एवढ्यासाठीच टिकतो.

महागड्या सायकलवाल्यांनीही न्यूनगंड बाळगू नये. शिमानो या जपानी कंपनीच्या ‘हॉलोटेक’ या पोकळ क्रँकला डाव्या हाताला दोन छोटे बोल्ट असतात, १२ ते १४ न्यूटन-मीटर, आळीपाळीने थोडेथोडे. टोकाची प्लॅस्टिकची टोपी जेमतेम बोटांच्या जोराने. तुम्ही उलटे करा. टोपी पकडीने पिळा आणि दोनपैकी एकच बोल्ट जीव खाऊन आवळा.

क्रँक तुटलाच, तर खरी कसोटी इथे. तुटलेल्या जागेकडे नीट पाहिले तर दोन रंग दिसतात. एक भाग काळपट, गुळगुळीत आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या. दुसरा भाग चकचकीत, खरबरीत, साखरेच्या खड्यासारखा. पहिल्या भागात चीर महिनोन्महिने सरकत होती, दुसरा भाग शेवटच्या क्षणी एका झटक्यात गेला. खड्ड्यात आपटून एका दणक्यात मोडलेला क्रँक असा दिसत नाही. तेव्हा ‘सायकल आपटली असेल’ या उत्तराला तोडीस तोड उत्तर याच वळ्यांत असते. म्हणून हे तोंड आधी रॉकेलने धुवा, मग पॉलिश पेपरने घासा. शक्य असल्यास दोन्ही तुकडे एकमेकांवर घासून बघा. आणखी चांगले म्हणजे नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून जोडून आणा. फोटो काढू नका. काढलाच तर अंधारात आणि फ्रेमचा नंबर दिसणार नाही असा. तो नंबर बीबीच्या खाली असतो, तिथे बाराही महिने चिखल असतो, काळजी नको.

बिल पाकिटात ठेवा. थर्मल कागद असल्याने उन्हाळ्यात पाकिटाच्या उबेने अक्षरे उडतात आणि पुढच्या पावसाळ्यात कोरा कागद हाती येतो. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मागू नका, उगाच संशय घेतल्यासारखे दिसते. जाहिरातीत ‘फ्रेमवर आजीवन वॉरंटी’ ठळक छापलेले असते. क्रँक कुठल्या महिन्यापर्यंत, ते मागच्या पानावर मुंगीच्या अक्षरांत असते. मुंग्यांना त्रास देऊ नये.

तक्रार फोनवरच करा, ईमेल नको. फोनवर ‘बघतो, कळवतो’ म्हणतात आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. तुटका क्रँक पावती न घेता काउंटरवर ठेवून या. आठ दिवसांनी ‘कुठला क्रँक?’ असे ऐकायला मिळेल. ‘आमच्या मालाबद्दल अशी तक्रार आजवर आलेली नाही’ असे म्हणाले तर मान डोलवा. शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे ७ लाख ६० हजार क्रँक तपासणीसाठी परत बोलावले, हे त्यांना सांगू नका. अल्टेग्रा आणि ड्युरा-एस या तिच्या महागड्या मालिकांतले, जुलै २०१९ च्या आधी बनलेले, ११ स्पीडचे. दोन भाग चिकटवून केलेला पोकळ क्रँक सांध्यात सुटत होता. सुटल्याच्या ४,५१९ घटना कंपनीकडे आल्या होत्या, ६ जण जखमी झाले होते. जुनी रोड बाइक हौसेने घेतलेली असेल, तर क्रँकच्या मागे पेडलपाशी दोन अक्षरांचा कोड असतो. तोही बघू नका.

आणि काहीही झाले तरी १९१५ हा क्रमांक फिरवू नका. ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची. वस्तू सदोष आहे का हे ठरवायला आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण तिथे तो काळपट वळ्यांचा तुकडा लागेल, आणि तुम्ही तर तो लख्ख घासून ठेवला आहे.

तरीही एखादी कंपनी माणुसकीने वागते आणि नवा क्रँक पाठवते. घाबरू नका. त्याच दुकानात जा, शनिवारी संध्याकाळीच. पोरगा तोच असेल. जुना एक्सल बदलायला सांगू नका, बोल्टवरून क्रँकवर मार्करची एक रेघ मारून ठेवा असे तर मुळीच म्हणू नका. रेघ तुटली की बोल्ट फिरला हे लगेच दिसते, आणि मग अर्धी गंमत जाते. आता खडकवासल्याच्या चढावर गिअर हलका करा, उभे राहा, डावा पाय खाली दाबा आणि कान द्या.

टक्.