ती सरकती दारं मूळचीच असावीत
एका जुन्या अमेरिकी मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) चर्चवरच्या लेखात, तिथल्या प्रार्थनागृहाच्या बाजूची उंच लाकडी सरकती दारं नंतर बसवली असावीत, असं म्हटलंय. पटत नाही. अमेरिकेतल्या जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये ती बहुधा ‘अ‍ॅक्रन आराखड्या’ची खूण असते. ओहायोतल्या अ‍ॅक्रनला लुईस मिलर (हे एडिसनचे सासरे!) यांच्या कल्पनेतून १८७०च्या सुमारास ही रचना पुढे आली: मधे मोठं दालन, भोवती अर्धवर्तुळात संडे स्कूलच्या (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांच्या) खोल्या. दारं उघडली की सगळ्यांची एकत्र प्रार्थना, लावली की वेगवेगळे वर्ग. आवाज मात्र आरपार जायचा. पुढे वयानुसार वेगवेगळे धडे आले आणि आवाज अडवायला पुष्कळ ठिकाणी दारांऐवजी पक्क्या भिंती उभ्या राहिल्या. दारांखालची खाच बघा. जमिनीच्या फळ्या तिथे मागाहून कापल्यासारख्या दिसल्या तर दारं उशिराची; फळ्या खाचेपाशीच नीट संपत असतील तर मूळची.