स्टीअरिंगला टेकवलेली बोटं आणि तुमचा आक्षेप

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण लेख पूर्ण वाचून लिहिलेली आहे. म्हणून दोन ओळींत आटोपत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो: आपल्याकडची बरीचशी प्रार्थना देवघराबाहेरच चालते, कामाच्या जागी, नाटकात, सिनेमात, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की एसटीच्या ड्रायव्हरचा नमस्कार ही नुसती सवय आहे, सिनेमाची गाणी पैशासाठी लिहिलेली असतात, आणि 'सगळंच प्रार्थना म्हटलं तर प्रार्थना नाही असं उरतं काय?'

शेवटचा प्रश्न खरा अवघड. त्याकडे येतोच.

आधी ड्रायव्हर. स्टँडवर गाडी लागलेली असते, आत जागेवरून भांडणं चाललेली असतात, कंडक्टरची डबल बेल होते. ड्रायव्हर उजव्या हाताची बोटं स्टीअरिंगला टेकवतो, कपाळाला लावतो, तोच हात गिअरवर जातो. गाडी हलते. तुम्ही म्हणता, यात त्याचं लक्षही नसतं. नसेल. पण लक्षाचाच हिशोब मांडायचा तर आपल्या आरत्यांचं काय करायचं? 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' करून, एक डोळा मोदकांवर ठेवून आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलोच की! तिला प्रार्थना म्हणायला तुमची हरकत नाही, कारण समोर मूर्ती आहे. प्रार्थनेला नियम हवा, असं तुम्हीच लिहिलंय. मग फेरी चुकत नाही तोवर ज्याचा नमस्कार चुकत नाही, त्याच्याइतका नियमाचा माणूस आणखी कुठे शोधायचा?

आणि हे काही माझं डोकं नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात आहे: 'तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥' फुलं कर्माची आहेत. जनाबाई तर 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' म्हणून मोकळी झाली. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या चाळून बघा. विठ्ठल, माहेरचा भाऊ, सासूचा जाच, सगळं एकाच दमात येतं. देवासाठी वेगळा आवाज काढावा असं त्या बायांना वाटलेलं नाही. दळण सोडून बसायला वेळ तरी कुठे होता?

आता पैशाचा मुद्दा. 'ए मालिक तेरे बंदे हम' हे गाणं १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मधलं. चित्रपट व्ही. शांतारामांचा, शब्द भरत व्यासांचे, चाल वसंत देसाईंची. खुनाची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांच्या गोष्टीतलं हे गाणं पुढे कितीतरी शाळांत रोज सकाळी म्हटलं जाऊ लागलं. पैसे सगळ्यांना मिळाले असतील, मिळायलाच हवेत. पण मला सांगा, गणपतीची मूर्ती आपण कुठून आणतो? पेणच्या कारखान्यातून, भाव करून, पैसे मोजून. रंगकाम करणारा कारागीर मजुरीच घेतो. त्या मूर्तीचा देव होतो तो घरी, प्राणप्रतिष्ठा केल्यावर. उत्तरपूजा झाली की ती पुन्हा माती, म्हणून तर विसर्जन करता येतं. बाजारातून आलेल्या वस्तूत देव येऊ शकतो आणि जाऊही शकतो, ही सोय तुमच्याच शास्त्राने करून ठेवली आहे. गाण्याला ती का नाकारता? तेच गाणं सकाळी रांगेत प्रार्थना असेल आणि सहलीच्या बसमध्ये 'ए'वरून अंताक्षरीला कामी येईल.

प्रभातच्या 'संत तुकाराम'चं (१९३६) उदाहरण तर याहून गमतीचं. त्यातलं 'आधी बीज एकले' शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलं, आणि कित्येकांनी ते तुकोबांचाच अभंग समजून म्हटलं. तुमच्या हिशोबाने ही फसवणूक झाली. आठवल्यांना मात्र याहून मोठी दाद कोण देणार होतं?

करमणुकीने भक्ती हलकी होते, हे तुमचं वाक्य वाचून मला नाथांचं भारूडच आठवलं. 'सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला' म्हणणारी बाई देवीकडे काय मागते? सासरा गावाला गेलाय त्याला तिकडेच खपव, सासूला निर्दाळ, नवऱ्यातूनही सोडव. लोक खो खो हसतात. आणि शेवटी 'एकटीच राहू दे मला' आलं की कळतं, नाथ हिला सगळ्या विकारांतून मोकळी करायला निघालेत. हा माणूस सोळाव्या शतकात वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगं उचलून त्यातून परमार्थ सांगत होता. तेव्हाची लोकप्रिय करमणूक म्हणजे हीच. तमाशा घ्या. ज्याला घरंदाज लोकांनी नावं ठेवली, त्याचाही फड गणाशिवाय उभा राहत नाही. आधी गणपती, मग गवळण, मग बाकीचं.

मग प्रार्थना नाही असं काय उरतं? पुष्कळ उरतं. गाणं ऐकून अंगावर काटा आला, ही प्रार्थना नव्हे. तो गायकाचा आणि वाद्यवृंदाचा गुण. ऐकणारा ऐकणाराच राहतो तोवर ते गाणं आहे. ते त्याच्या स्वतःच्या तोंडात आलं आणि कुणाला तरी उद्देशून आलं, की मामला बदलतो. शेवटच्या ओव्हरला टीव्हीपुढे हात जोडणं यात बसतं का, असं कुणी विचारेल. बसतं बहुतेक, पण रोडग्याच्या जातीत. १९७५ ला 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा लोक चपला काढून थिएटरात बसत, पडद्यावर फुलं नि नाणी उधळत. ते मला पचायला जड जातं, कबूल. तरीही तिथे बसलेल्या बाईची प्रार्थना खोटी होती, हे ठरवणारा मी कोण? तिकीट तिने काढलं होतं, हात तिने जोडले होते.

राहता राहिल्या मंडपातल्या सिनेमाच्या चालीवरच्या आरत्या. त्या मलाही सोसत नाहीत. चाल सुरू झाली की मूळ गाण्यातला नाच डोळ्यांपुढे येतो आणि शब्दांपर्यंत पोचताच येत नाही. पण टाळ कुटणाऱ्या दहा वर्षांच्या पोराने ते मूळ गाणं ऐकलेलंच नसतं. त्याच्या लेखी ती आरतीचीच चाल. तेव्हा अशा आरत्यांवर बंदी घाला या तुमच्या सूचनेला माझा पाठिंबा नाही. भोंग्यांचा आवाज कमी करा, असा अर्ज लिहिणार असाल तर तो पाठवा. त्यावर सही करतो.