मे महिन्यातलं प्रशिक्षण, जूनमधला वर्ग

एप्रिल सरत आला की माझ्या फोनवर दर वर्षी तोच वाद येतो. आमच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं, 'ऐन सुट्टीत प्रशिक्षण लावलंय, गावी जायची तिकिटं रद्द करावी लागणार.' त्याच दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी म्हणतं, 'शिक्षकांना दीड महिना सुट्टी हवीच कशाला? प्रशिक्षणं मेमध्ये उरका, शाळेचे दिवस तरी वाचतील.' मग माझ्याकडे मोर्चा वळतो. 'तुमच्या अमेरिकेत तर शिक्षक उन्हाळाभर ट्रेनिंग घेतात ना?'

या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर देऊन मला थांबता येत नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी आठ वर्षं गणित शिकवलं. आता टेक्सासमधल्या एका सरकारी शाळेत सातवीला गणितच शिकवते. धाकटी बहीण अजून गावाकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. शाळा द्विशिक्षकी, त्यामुळे एका खोलीत दोन इयत्ता. दर रविवारी आमचं बोलणं होतं आणि त्यातलं निम्मं शाळेचंच असतं.

आधी इथला हिशेब सांगते. टेक्सासमध्ये शिक्षकाचं प्रमाणपत्र टिकवायला पाच वर्षांत 150 तासांचं प्रशिक्षण लागतं, म्हणजे वर्षाला सरासरी 30 तास. आपल्याकडे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांची अपेक्षा ठेवली आहे. कागदावर बघाल तर आपली मागणी जास्त आहे. हे सांगितलं की नातेवाइकांच्या ग्रुपवर थोडा वेळ शांतता पसरते.

खरा फरक दिवस कुणाचा मानला जातो यात आहे. इथे शिक्षकाचा करार साधारण 187 दिवसांचा असतो. त्याबाहेरचा दिवस माझा. त्या दिवशी मला बोलवायचं असेल तर एक तर भत्ता द्यावा लागतो, नाहीतर दिवस परत द्यावा लागतो. आमच्याकडे जूनमध्ये दोन दिवस प्रशिक्षण केलं की नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात ते दोन दिवस सुट्टी मिळते. प्रशिक्षणांची यादी मार्चमध्येच हाती येते आणि बरीचशी मी निवडते. पण हे ऐकून इथल्या शिक्षकाचं चित्र सोनेरी रंगवू नका. पगार त्या 187 दिवसांचाच असतो, तो बारा महिन्यांत विभागून हातात येतो इतकंच. माझ्या शेजारच्या वर्गातला तरुण शिक्षक उन्हाळाभर पोहण्याच्या तलावावर जीवरक्षकाची नोकरी करतो. आपल्याकडे मे महिन्याचा पगार मिळतो, ही मोठी गोष्ट आहे. सुट्टीत काम करून घेतलं तर त्या बदल्यात अर्जित रजा जमा करण्याची तरतूदही आपल्या रजा नियमांत आहे. बहीण म्हणते, 'तरतूद आहे गं ताई, पण सेवापुस्तकात नोंद करून घ्यायला हेलपाटे घालावे लागतात.'

तेव्हा सुट्टीत प्रशिक्षण नकोच, असं मी म्हणणार नाही. मुलं नसताना, वह्या तपासायचं ओझं नसताना डोकं मोकळं असतं, तेव्हा शिकलेलं खोल जातं. पण बोलावणाऱ्याने त्या दिवसाची किंमत मोजली पाहिजे, आणि नोंद प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी तिथल्या तिथे झाली पाहिजे. हे मान्य झालं तर ग्रुपवरचं निम्मं भांडण मिटेल. उरलेलं निम्मं मात्र मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मे महिन्यातल्या त्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणाचं जूनमधल्या वर्गात काय होतं?

इथेही ते बऱ्याचदा वाया जातं. अमेरिकेच्या 2015 च्या शिक्षण कायद्यात शिक्षक प्रशिक्षणाची व्याख्या आहे. प्रशिक्षण सलग चालणारं, वर्गाशी जोडलेलं असावं, एक दिवसाची किंवा अल्पकालीन सुटी कार्यशाळा नसावी, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय. तरीही एका उन्हाळ्यात आम्हा तीनेकशे शिक्षकांना सभागृहात बसवून एका कंपनीच्या माणसाने चार तास सॉफ्टवेअर दाखवलं. कुठलं बटण कुठे आहे, अहवाल कसा काढायचा. सातवीच्या मुलाला ऋण संख्यांची वजाबाकी का कळत नाही, यावर चार तासांत एक वाक्य नव्हतं. ऑगस्टमध्ये शाळा उघडली तेव्हा माझ्या वर्गातल्या नऊ मुलांचं लॉगिनच चालेना. कोविडनंतर अमेरिकी सरकारने शाळांना तीन हप्त्यांत मिळून सुमारे 190 अब्ज डॉलर दिले आणि त्यातून देशभर अशी सॉफ्टवेअरं घेतली गेली. पैशांची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली. आमचं ते सॉफ्टवेअरही गेलं, आणि चार तासांचं प्रशिक्षणही त्याच्याबरोबर गेलं.

टीएनटीपी या अमेरिकी संस्थेने 2015 मध्ये काही मोठ्या शालेय जिल्ह्यांचा, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणांचा, अभ्यास केला होता. तिथे एका शिक्षकाच्या प्रशिक्षणावर वर्षाला सुमारे 18,000 डॉलर खर्च होत होते, आणि काही वर्षांत ठळक सुधारणा दिसली ती दहातल्या तीन शिक्षकांत. म्हणून 'अमेरिकेत बघा' असं म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे, बघायचंच असेल तर हेही बघा.

आता मला ज्याचा उपयोग झाला ते सांगते.

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी उन्हाळी शाळेत शिकवायचं आणि शिकायचंही ठरवलं. मागे पडलेली बारा मुलं सकाळी तीन तास यायची. आम्ही चार शिक्षक आळीपाळीने शिकवायचो, बाकीचे मागे बसून बघायचे. सोबत एक अनुभवी मार्गदर्शक बाई होत्या, पूर्वी पंचवीस वर्षं वर्गात शिकवलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझाच फोन मागच्या कपाटावर पुस्तकांना टेकवून उभा केला, मुलांचे चेहरे येणार नाहीत असा, आणि माझा तास रेकॉर्ड केला. दुपारी आम्ही दोघी तो बघायला बसलो. त्यांनी टीका केली नाही की कौतुक केलं नाही. एवढंच म्हणाल्या, 'प्रश्न विचारल्यावर तू किती थांबतेस, ते मोज.'

मी मोजलं. 'उणे तीनमधून उणे पाच वजा केले तर?' असं विचारून मी एक सेकंदसुद्धा थांबले नव्हते. लगेच इशारा दिला, मग दुसऱ्या मुलाकडे वळले, शेवटी स्वतःच उत्तर फळ्यावर लिहिलं. वीस मिनिटांत सतरा प्रश्न, आणि त्यातल्या अकरांची उत्तरं माझीच. इतकी वर्षं शिकवत होते, मुलांना बोलतं करते अशी माझी समजूत होती. त्या दुपारी घशाशी आवंढा आला, हे लपवत नाही.

मेरी बड रो या विज्ञानशिक्षणातल्या संशोधिकेने 1970 च्या दशकात हेच मोजून ठेवलंय. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. बी.एड.ला मी हे वाचलंही असेन, पण फोनवर स्वतःला पाहिल्याशिवाय ते माझ्यात उतरलं नाही. पुढे ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत त्या बाई दर दोन आठवड्यांनी माझ्या तिसऱ्या तासाला येऊन बसल्या. जूनमधलं शिकणं टिकलं ते त्या फेऱ्यांमुळे. मॅथ्यू क्राफ्ट हे शिक्षण संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये अशा वर्गातल्या मार्गदर्शनाचे 60 अभ्यास एकत्र तपासले. शिकवणं तर सुधारतंच, मुलांच्या गुणांतही फरक दिसतो, असं त्यांना आढळलं. मात्र मार्गदर्शकांची संख्या वाढवत नेली की परिणाम पातळ होतो, हेही त्यांनी लिहिलंय. ते आपण विसरता कामा नये, कारण आपल्याकडे लाखो शिक्षक आहेत.

तोच फोन माझ्या बहिणीच्या हातातही असतो, रिचार्ज तिच्या पैशाचा. त्यावर दिवसभर काय येतं? 'आज बारापर्यंत लिंक भरा.' 'कार्यक्रमाचे फोटो तात्काळ पाठवा.' निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण 2019 मध्ये सुरू झालं तेव्हा देशातल्या 42 लाख शिक्षकांपर्यंत पोहोचायचं उद्दिष्ट होतं. कोविडमध्ये ते दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर गेलं. त्यातले काही घटक चांगले होते, मी स्वतः इथून बघितलेत. पण किती टक्के शिक्षकांनी पूर्ण केलं याचे तक्ते ग्रुपवर पडायला लागले आणि लोक व्हिडिओ लावून स्वयंपाक करू लागले. त्यांना दोष देणं मला जमत नाही. वरून फक्त प्रमाणपत्र मागितलं जात असेल तर खालून प्रमाणपत्रच येणार.

शिवाय राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तिथून केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, अशी आपली प्रशिक्षणाची साखळी. पुण्यात जे खळाळून निघतं ते केंद्रावर येईपर्यंत ओंजळभर उरतं. वर्गात येऊन बसू शकेल असा माणूस आपल्या रचनेत आहे, तो केंद्रप्रमुख. पण त्यांची कितीतरी पदं वर्षानुवर्षं रिकामी, आणि जे आहेत ते माहिती गोळा करण्यात बुडालेले. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामं सोडून शिक्षकांना इतर कामाला जुंपू नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं. ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामाला तिथे नावच नाही, म्हणून ते मोजलंही जात नाही.

आणि तरीही आपल्याला हे शिकायला अमेरिकेकडे बघायची गरज नाही. माझ्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतः करून आपलं ज्ञान घडवतं हा विचार, रोजच्या वर्गात उतरवून दाखवला. राज्यभरातून शिक्षक तिथे गाड्या करून आले. वर्गात जमिनीवर बसून त्यांनी मुलं कशी शिकतात ते पाहिलं, वह्यांत आकृत्या काढून घेतल्या आणि आपापल्या शाळांच्या फरशा रंगवल्या. 'आम्हाला प्रशिक्षण नको' म्हणणारे शिक्षक हेच का, असा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. दुसऱ्या शिक्षकाचा चालता वर्ग बघायला मिळणार असेल तर शिक्षक सुट्टीतही जातो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामासाठीही. तो कोड आधी त्यांच्या वर्गाची गरज होता, राज्याच्या पुस्तकांत नंतर आला. उलट्या दिशेने, वरून खाली पाठवलेली कितीतरी यंत्रं मी कपाटात बघितली आहेत. काही शाळांत तर वीजबिल भरायलाच पैसे नव्हते.

या उन्हाळ्यात इथल्या प्रशिक्षणांच्या यादीत कृत्रिम बुद्धिमत्ता सगळ्यात वर होती. अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या संघटनेने 2025 मध्ये त्यासाठी प्रशिक्षण केंद्र जाहीर केलं. पैसे मायक्रोसॉफ्ट, ओपनएआय आणि अँथ्रॉपिक या कंपन्यांचे. शिक्षकांच्या संघटनेने पुढाकार घेतला हे मला आवडलं. साधन बनवणाऱ्याच्याच पैशातून साधनाचं प्रशिक्षण होतं, तेव्हा 'हे माझ्या वर्गाला नको' असं म्हणायची मुभा शिक्षकाला राहील का, ही शंका मात्र जात नाही. हा प्रश्न आपल्याकडेही लवकरच येईल, तेव्हा तो शिक्षकांनीच विचारावा.

बहिणीच्या शाळेतली एक गोष्ट. केंद्राच्या शिक्षण परिषदेत शेजारच्या गावच्या गुरुजींनी सांगितलं, ते जूनमध्ये प्रत्येक मुलाचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून ठेवतात आणि दिवाळीनंतर त्याला ऐकवतात. बहिणीने केलं. तिसरीतला एक मुलगा स्वतःचा आवाज कान देऊन ऐकत राहिला आणि म्हणाला, 'बाई, मी इथं अडखळलो होतो. आता वाचू?' ना लिंक, ना प्रमाणपत्र. महिन्यातल्या त्या एका दिवसाच्या परिषदेत परिपत्रकं वाचून दाखवायचं बंद करून अशा गुरुजींना तासभर बोलू दिलं, तर मे महिन्यातल्या पाच दिवसांपेक्षा जास्त हाती लागेल, असं मला मनापासून वाटतं.

मागच्या महिन्यात मी तिला उन्हाळी शाळेतली माझी ती दुपार पहिल्यांदा सविस्तर सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, 'माझाही तास बघशील का? पण कुणाला दाखवायचा नाही हं.' गेल्या रविवारी दहा मिनिटांचा व्हिडिओ आला. फोन खिडकीच्या चौकटीत ठेवलेला, त्यामुळे अर्ध्या चित्रात गज. बहीण चौथीला विचारते, 'पाऊण म्हणजे पावाच्या किती पट?' आणि थांबते. मी इथे स्वयंपाकघरात उभी राहून मोजत होते. पाचव्या सेकंदाला ती मान वर करते, वाटतं आता सांगणार. सांगत नाही. सातव्या सेकंदाला मागून एका मुलीचा बारीक आवाज येतो, 'तीन. कारण तीन पाव जोडले की पाऊण होतं, बाई.'